लेक लॅनिअरवरच्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या लेक लॅनिअर या तलावावर आमची जुनी स्की नॉटिक बोट आज वेकबोर्डिंगसाठी (बोटीमागे दोर धरून, फळीवर उभे राहून लाटेवर उड्या घेण्याच्या खेळासाठी) भरवशाने पाण्यात उतरते, याचे श्रेय आपले आहे. ते चारचौघांत सांगावे आणि जुनी इनबोर्ड (इंजिन आत बसवलेली) बोट घेऊ पाहणाऱ्या इथल्या मराठी मंडळींनाही आपली पद्धत कळावी, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

१९८०च्या दशकातली ही बोट मुळात वॉटर स्कीइंगसाठी घडवलेली. स्कीवाल्याला बोटीमागची लाट जितकी बुटकी असेल तितकी बरी. वेकबोर्डवाल्याला मात्र तीच लाट उंच आणि उडी घेण्याजोगी हवी असते. त्यामुळे टॉवर (दोर उंचावर बांधायची चौकट) आणि बॅलास्टच्या (वजनासाठी पाणी भरायच्या) पिशव्या लगेच बसवाव्यात, असा मुलांचा आग्रह होता. आपण शांतपणे म्हणालात, "बोट आधी धड करू, मग जड करू."

त्या काळच्या या बोटींच्या तळात फायबरग्लासखाली लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे लांब आधारतुळया, असतात आणि इंजिनाचा भार त्यांच्यावरच असतो. कलिंगड ठोकून पाहावे तसे ते आपण या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोडीने ठोकून पाहिलेत. इंजिनाच्या माउंटचा (बैठकीचा) प्रत्येक बोल्टही पाना लावून तपासलात, कारण लाकूड कुजलेले असेल तर बोल्ट आवळला न जाता नुसता फिरत राहतो. लाकूड शाबूत निघाले, तेव्हाच पुढच्या कामाला हात घातलात. मग कपलिंगच्या, म्हणजे इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या सांध्याच्या, दोन तबकड्यांमधली फट फीलर गेजने (पातळ मापपट्ट्यांनी) चारही बाजूंनी मोजत, फरक ०.००३ इंचाच्या आत येईपर्यंत आपण माउंटचे नट थोडे थोडे फिरवत राहिलात. ती चिकाटी मुलांनी जवळून पाहिली, याचे मोल माझ्या लेखी बोटीहून अधिक आहे. शाफ्ट फिरत असताना त्याच्याभोवतीच्या पॅकिंगमधून (पाणी अडवणाऱ्या भरावातून) थेंब थेंब पाणी यायलाच हवे, कारण तेच त्याला थंड ठेवते, हेही आपण समजावलेत.

मोटारीच्या दुकानातला स्वस्त अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) तंतोतंत बसत असूनही आपण तो नाकारलात. इंजिनपेटीत पेट्रोलची वाफ साठू शकते, म्हणून तिथे ठिणगीपासून सुरक्षित असलेला मरीन अल्टरनेटरच हवा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चालवायलाच हवा, हा आपला दंडक आम्ही अजून मोडलेला नाही.

बॅलास्टची पाळी आली, तेव्हा आपण प्रथम बोटीवरची क्षमतेची पाटी वाचायला लावलीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चारशे लिटर भरले की पाच-सहा माणसे बोटीत बसल्यासारखेच आहे, आणि तितकी खरी माणसे कमी घ्यायची. आमच्या बोटीचे इंजिन मध्यभागी असल्यामुळे वजन मागे वाढवले की लाट उभी आणि धारदार होते, थोडे पुढे सरकवले की तिचा उतार लांब व सौम्य होतो, हे आपण तासन्‌तास पिशव्या हलवून प्रत्यक्ष दाखवलेत. टॉवर लावताना काठाच्या आतून धातूच्या आधारपट्ट्या घातल्यात. इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर कोणीही बसायचे नाही, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याने माणसे दगावली आहेत, ही आपली ताकीद घरात सर्वांना पाठ आहे.

इथला हिवाळा सौम्य म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. पण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य ओतीव भाग) तडकायला कडाक्याची एक रात्र पुरते. थंडीची चाहूल लागताच ब्लॉक आणि मॅनिफोल्डमधले (धूर बाहेर नेणाऱ्या नळखंडातले) पाणी काढण्यासाठी आपण आजवर स्वतः येत आलात. यंदा ते काम मुले करतील. आपण फक्त डॉकवर खुर्ची टाकून बसावे आणि पाणी सोडायचा एखादा प्लग उघडायचा राहून गेला तर हाक मारावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ शेजारी