सिस्टर, मला सगळं ऐकू येत होतं

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव मला माहीत नाही. चेहराही नीट पाहिलेला नाही, कारण तुम्ही कायम मास्कमध्ये आणि माझे डोळे मिटलेले. पण तुमचा आवाज मी हजारात ओळखेन. डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तुमची सुट्टी होती. पंधरा दिवसांनी मुद्दाम भेटायला आले, तर तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात टाकल्याचं कळलं आणि वॉचमननं पुढं सोडलं नाही. म्हणून हे पत्र. तुमच्या ओळखीचं कुणी वाचलं तर पोचवेल.

ऑगस्टची रात्र होती. आमची चाळ मुंबईत, आरेच्या जंगलाच्या कडेला. खोलीत उकडतं म्हणून मी दाराजवळ चटई टाकून झोपते. तीनच्या सुमाराला पोटात कळ आली, दोनदा उलटी झाली, मग गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटायला लागलं. अंगावर सूज नाही, खूण नाही. ह्यांनी रिक्षा आणली.

पहिल्या ठिकाणी गॅस झालाय म्हणून इंजेक्शन देऊन परत पाठवलं. त्यांच्यावर माझा राग नाही. मला मण्यार हा विषारी साप चावला होता; मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही आणि तिचे दात इतके बारीक की खूणही सापडत नाही, हे मला आता कळलंय. त्यांना ओळखता आलं नसेल. पण दुसऱ्या ठिकाणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. माझे डोळे उघडत नव्हते, जीभ लुळी पडली होती, मान धरत नव्हती. रिक्षातच ह्यांच्या मांडीवर आडवी पडले होते. आतून कुणीतरी आलं, माझी पापणी खसकन वर केली, टॉर्च मारला आणि म्हणालं, "हिच्यात काही राहिलेलं नाही. आयसीयूत बेडही नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात न्या." ह्यांनी हात जोडले, निदान ऑक्सिजन तरी लावा म्हणाले. काउंटरवरून उत्तर आलं, "आधी 50 हजार भरा, मग बघू." काचेचा दरवाजा बंद झाला तो आवाज अजून माझ्या कानात आहे. बंद होताना आतल्या एसीची गार झुळूक तेवढी पायांना लागली.

सिस्टर, मला सगळं ऐकू येत होतं. लोकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. मण्यारीचं विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोपच तोडतं. आधी पापण्या जातात, मग घसा, मग मान, आणि शेवटी छाती हलायची थांबते. माणूस मात्र आत जागा असतो. "हिच्यात काही राहिलेलं नाही" हे वाक्य मी माझ्याच कानांनी ऐकलं आणि ओरडून सांगू शकले नाही की अहो, मी आहे.

तुमच्या कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरांनी ह्यांना आधी एकच विचारलं, "रात्री जमिनीवर झोपल्या होत्या का?" त्या प्रश्नानं माझा जीव वाचला. पुढचं नळीचं, व्हेंटिलेटरचं, सापाच्या इंजेक्शनच्या बाटल्यांचं मला फारसं सांगता येणार नाही. त्या सगळ्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या रात्रीचं. माझ्या बेडपाशी कुणीतरी ह्यांना हळू आवाजात सांगत होतं की पेशंट कोमात आहे, मनाची तयारी ठेवा. तेवढ्यात तुम्ही आलात. माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "मावशी, मी सिस्टर. ऐकू येतंय ना? येत असेल तर पायाचा अंगठा हलवा." मी सगळा जीव त्या अंगठ्यात गोळा केला. किती हलला असेल देव जाणे. "दिसला, दिसला मला!" म्हणालात तुम्ही. तुमचा आवाज तेव्हा कापला, तेही मला ऐकू आलं.

मग म्हणालात, "आता पापणी उचलते हं, घाबरू नका." आणि अंगठ्यानं माझी उजवी पापणी अगदी हलके वर धरलीत. आधी नुसती ट्यूबलाइट दिसली. मग ह्यांचा चौकड्यांचा शर्ट, त्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. रात्री तीन वाजता घाईघाईत चढवलेला तो शर्ट दिवसभर तसाच अंगावर होता. मग ते वाकले आणि त्यांचा चेहरा दिसला. तुम्ही म्हणालात, "सावकाश बघा. मी धरलीय."

त्याच पापणीला पहाटे दुसरा हात लागला होता.

पुढचे चार दिवस मी यंत्रावर होते. इंजेक्शन दिलं तरी एकदा बंद पडलेले स्नायू लगेच उठत नाहीत, नसांची टोकं पुन्हा सावरेपर्यंत दुसऱ्या कुणीतरी श्वास द्यावा लागतो, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं. तो श्वासच तर त्या काचेच्या दाराशी आम्ही मागत होतो! त्या चार दिवसांत डोळ्यांत थेंब घालताना तुम्ही "गार लागेल हं" म्हणायचात, कूस बदलण्याआधी सांगायचात. पहाटे म्हणायचात, "मावशी, पाच वाजले, पाऊस थांबलाय." अंधारात पडलेल्या माणसाला वाजले किती हे कळणं काय असतं, ते मी कुणाला कसं सांगू?

माझा भाचा वकिलीचं शिकतो. त्यानं मला परमानंद कटारा खटल्याची हकिकत सांगितली. एका स्कूटरवाल्याला गाडीनं उडवलं, जवळच्या हॉस्पिटलनं त्याला न घेता 20 किलोमीटर लांबच्या हॉस्पिटलात पाठवलं, आणि तो वाटेतच गेला. त्यावर 1989 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, आधी जीव वाचवायचा, बाकीचं नंतर. म्हणजे माझ्यासाठी ते दार उघडायलाच हवं होतं. हे ऐकून मी खूप रडले. त्या वेळी ह्यांना एवढं माहीत असतं तर ते हात जोडत बसले नसते.

आणि तुम्हाला तर कुठल्या कोर्टानं सांगितलं नव्हतं की पेशंटची पापणी उचलून तिला नवरा दाखवा. एका नाइटला किती बेड तुमच्याकडे असतात ते मी नंतर वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं. पाय टेकायला वेळ नसतो तुम्हाला. तरी तुम्ही थांबलात.

आता आम्ही खाट घेतलीय, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपते. डावी पापणी संध्याकाळी अजून थोडी जड होते, बाकी मी ठणठणीत आहे. आमच्याकडे गणपती पाच दिवस असतो. ड्यूटी सांभाळून एखाद्या दिवशी याच, मोदक माझ्या हातचे. चाळीत पत्ता विचारत बसू नका. जिन्यातून नुसती "मावशी" अशी हाक मारा, मी दार उघडते.

तुमची,
कोपऱ्यातल्या बेडवरची मावशी