सेबॅस्टियनच्या रिकाम्या खोल्या

रामबाग, इंदूर
रविवार, रात्र

प्रिय बंडू,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल. माईंचा गुडघा ठीक, माझं बीपीही ठीक.

आज लिहायचं कारण तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. सराफ्यात रात्री एकपर्यंत ज्याच्यावरून भांडलो, तो ‘ब्लेड रनर’ पुन्हा पाहिला. बेघरांवरचा सगळ्यात मोठा विज्ञानपट हाच, असं तू म्हणायचास ना? मग त्यातला एकटा राहणारा सेबॅस्टियन प्रिस या कृत्रिम मानव मुलीला घरी नेताना काय म्हणतो ते ऐक. इथे घरांची टंचाई नाही, सगळ्यांना पुरेल एवढी जागा आहे! आख्ख्या इमारतीत तो एकटा. ज्यांना जाता आलं ते पृथ्वी सोडून गेले, खोल्या ओस पडल्या. आणि प्रिस? ती कचऱ्यात लपून बसते आणि ‘मला घर नाही’ म्हणते ते दार उघडून घ्यायला. पाऊस आणि वाफ बघून तू भुललास, बंडोपंत.

बहुतेक विज्ञानपटांत बेघर माणूस असा नेपथ्यापुरताच असतो. ‘टर्मिनेटर’मध्ये (१९८४) भविष्यातून उघडा आलेला काइल रीस गल्लीत पडलेल्या माणसाची पँट काढून घेतो. जग वाचवायला निघालेल्याचं पहिलं काम हे, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं याच्याशी सिनेमाला देणंघेणं नाही. ‘सॉयलेंट ग्रीन’ (१९७३) थोडा पुढे जातो. त्यातल्या २०२२ च्या न्यूयॉर्कमध्ये जिन्याच्या पायरीपायरीवर माणसं झोपलेली, नायक त्यांना ओलांडून वर-खाली करतो. श्रीमंतांच्या फ्लॅटबरोबर बाईही मिळते, तिला ‘फर्निचर’च म्हणतात. नव्या भाडेकरूला ती नको असेल तर तिचं छप्पर गेलं. हे मला जिन्यापेक्षा भयंकर वाटतं.

‘दे लिव्ह’ (१९८८) मात्र आधी रोजगाराचा हिशोब मांडतो. नायक डेन्व्हरला दहा वर्षं राबलेला, पाठीवर पिशवी, स्वतःची हत्यारं. फ्रँक डेट्रॉइटचा, पोलाद कारखान्यातून कपात झालेला, बायको-मुलं तिकडेच. दोघं बांधकामावर राबतात आणि रात्री झोपडवस्तीत झोपतात. काम आहे, घर नाही! मग एका रात्री पोलीस आणि बुलडोझर. माणसांत लपलेले परग्रहवासी दाखवणारे काळे चष्मे, हे सगळं त्यानंतर. नायकाला सिनेमाभर कुणी नावाने हाक मारत नाही, श्रेयनामावलीत तेवढं ‘नाडा’ येतं. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘काहीच नाही’.

आता खरी काळजी. पुढच्या रविवारी मुलांना ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) दाखवायचाय आणि मला झोप नाही. जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत राहणाऱ्या परग्रहवासींना तिथून हलवायची ही गोष्ट. घर कसं काढून घेतात, ती कागदी कृती इतकी नेमकी दुसरीकडे नाही. नोटीस २४ तासांची, तीवर सही हवी, म्हणून हलवायचं काम सोपवलेला अधिकारी विकस कागद लावलेली पाटी घेऊन दारोदार फिरतो. एक परग्रहवासी चिडून पाटीला फटका मारतो, तर त्या ओरखड्यालाच सही धरतात. ख्रिस्तोफर नावाचा दुसरा परग्रहवासी कागद वाचून हे बेकायदा आहे म्हणतो, तर विकस त्याचं पोर काढून घ्यायची धमकी देतो. बळ लागतंच, पण आधी फॉर्म लागतो. नावामागे केपटाऊनचा डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. १९६६ साली तो गोऱ्यांसाठी राखीव झाला आणि ६० हजारांहून जास्त माणसं हलवली गेली.

पण हाच सिनेमा नायजेरियन माणसांना नुसते गुंड आणि मंत्र-तंत्रवाले करून टाकतो. त्यावरून नायजेरियात सरकारने तो थिएटरांतून काढायला लावला. चित्रीकरण सोवेटोतल्या खऱ्या झोपड्यांत झालं, आणि तिथल्या माणसांनाही तेव्हा दुसरीकडे हलवलं जात होतं. वर, परग्रहवासी मांजराच्या खाण्यासाठी वेडे होतात ते बघून मुलं हसणार. ते हसू कसं सांभाळायचं, हे मला सुचत नाही.

शिवाय मुलं विचारतील, आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग, नदीकाठ यांवरच्या अनधिकृत बांधकामांना त्यातून वगळलं. बंडू, ज्याला दुसरं काहीच नाही तो नेमका तिथेच राहतो ना?

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची परीक्षा संपली का? अण्णांना साष्टांग नमस्कार. तुझं बडोद्याचं भाडं पुन्हा वाढलं म्हणे, ते सविस्तर लिही.

पण त्याआधी ये. अवंतिका एक्स्प्रेसने सकाळी पोचशील, आपण अकराला सुरू करू. सिनेमा ११२ मिनिटांचा, मध्ये थांबवायचा नाही. पाटीचा प्रसंग शेवटी पुन्हा लावू आणि नायजेरियाचं तू बोल, तुला न रागावता बोलता येतं. ‘ब्लेड रनर’ची बाजू मांडायला तुझी पंधरा मिनिटं राखून ठेवलीत.

तुझाच,
सुधा