मागचं पान, पुढचं पान

आदरणीय बाबूसाहेब,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून घालत नाही. राजवाड्यामागची जुनी शाळा बंद पडली, तिचं दफ्तर तुमच्या कोठीत आलं आणि त्यातून तुम्ही दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही, काढून दिलंत, एवढं वाचणाऱ्यांना पुरे.

फाशी सुनावलेल्या पोराची जन्मतारीख त्यात निघाली. गुन्ह्याच्या दिवशी तो अठराचा नव्हता. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 21 नुसार अशा मुलाला फाशी देताच येत नाही, आणि कलम 9 प्रमाणे वयाचा मुद्दा खटला संपल्यावरही काढता येतो. पुराव्यात शाळेचा दाखला आधी, मग नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी, आणि तीत दोनेक वर्षं इकडची तिकडे सहज होतात.

पण आधी विचारलं कुणी? पोलिसांनी ‘वय अंदाजे 20’ लिहिलं, सरकारकडून मिळालेल्या वकिलांनी तेच पुढे ओढलं. शिक्षेवर वेगळी सुनावणी हवी असं कायदा म्हणतो; ती दोषी ठरवल्याच्याच दिवशी दुपारी उरकली.

आम्ही एका नोंदीची नक्कल मागितली होती. तुम्ही न सांगता मागचं आणि पुढचं पानही झेरॉक्स करून, सही-शिक्क्यानिशी दिलंत. खरे आभार याचे. सुट्या पानावर सरकारी वकिलांचा पहिला सवाल ठरलेला असतो: नोंद मागाहून घुसवली नाही कशावरून? तीन पानं शेजारी ठेवली की भरती क्रमांक सलग दिसतात, हेडमास्तरांची सहीही तीच. दुसरा सवाल, तारीख कुणाच्या सांगण्यावरून लिहिली? तेव्हा तुम्ही प्रवेश-अर्जांचा गठ्ठा सोडून बापाच्या अंगठ्याचा अर्ज काढलात. फाटक्या कडेला चिकटपट्टी लावू दिली नाहीत, तेही शहाणपणाचं. पट्टी पिवळी पडली की खाडाखोडीचा संशय येतो.

1994 च्या पुण्यातल्या हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेला एक जण गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मान्य केलं. तेही राजस्थानातल्या शाळेच्या दाखल्यावरून. तोवर त्याची 28 वर्षं तुरुंगात गेली होती. मधे फाशी दिली असती तर तो दाखला शोधायला कोण गेलं असतं? फाशीला आमचा विरोध आहे तो इथे. जन्मठेपेतला माणूस निदान सोडता तरी येतो.

मोठ्या पदावरच्यांनी दोन ओळींत उत्तर देऊन फाइल मिटवली, आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी कोठी उघडलीत. असली माणसं कचेऱ्यांतून अजून आहेत, म्हणून आमचं काम चालतं.

मूळ रजिस्टर कोर्टातून सुटलं की पावतीनिशी परत आणून देऊ. आणि एक विनंती: उरलेलं दफ्तर रद्दीत काढा असं वरून कुणी सांगितलं, तर आधी आम्हाला फोन करा.

तुमचे,
इंदूरचे अपिलाचे वकील