‘बंडखोर संगणका’ची गोष्ट अर्धवट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला विमान अपघातांवरचा लेख वाचला. ‘वैमानिक ओढत होता, संगणक ऐकत नव्हता’ हे शीर्षक चटकदार आहे, यात वाद नाही. पण लेखकाने बोइंग ७३७ मॅक्सला ‘संपूर्ण संगणकचालित विमान’ म्हटले आहे आणि शेवटी ‘त्यापेक्षा जुनी तारांची विमाने बरी’ असा उसासा टाकला आहे. माझी उभी नोकरी हँगरमध्ये, विमानांच्या देखभालीत गेली. तारांची विमाने हाताळली, संगणकांचीही हाताळली. म्हणून हे पत्र. लांबेल थोडे, काटछाट करायचीच झाली तर शेवटून करा, मधून नको.

आधी तारांचे बघू. वैमानिक जो ओढून-ढकलून विमान चालवतो त्या कॉकपिटमधल्या खांबापासून निघालेली पोलादी तार कप्प्यांवरून वळणे घेत पार शेपटीपर्यंत जाते. ती तपासायची आमची एक साधी रीत होती: सुती फडका तारेभोवती धरायचा आणि हळूहळू पुढे सरकवायचा. फडका कुठे अडकला, धागा निघाला, की तिथे तारेचा एखादा पेड तुटलाय. डोळ्यांना दिसत नाही ते फडक्याला सापडते. या तारांबद्दल मलाही माया आहे, पण त्या विमान वळवतात हा गैरसमज आहे. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगात मोठ्या जेटच्या एलेव्हेटरवर (शेपटीच्या आडव्या पंखाला असलेली, नाक वर-खाली करणारी फळी) हवेचा जो रेटा येतो, त्यापुढे माणसाच्या दंडाचे काही चालत नाही. तार फक्त टोकाशी असलेली झडप उघडते. पुढचे काम हायड्रॉलिक तेलाचे, दर चौरस इंचाला ३००० पौंड दाबाने. आणि तेल सगळा भार उचलते म्हटल्यावर वैमानिकाच्या हाताला काहीच जाणवेना, म्हणून खांबाला मुद्दाम स्प्रिंग लावून खोटा जोर निर्माण केला गेला. तेव्हा ‘जुन्या विमानात वैमानिकाला हवा हाताला कळायची’ हेही फारसे खरे नाही.

तेल गेले तर तारेचे काय होते, हे १९ जुलै १९८९ रोजी दिसले. युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या कापल्या. तीन स्वतंत्र यंत्रणा, पण शेपटीपाशी तिन्हींच्या नळ्या जवळजवळ. तारा शाबूत होत्या, खांब हलत होता आणि विमानाचा एकही भाग हलत नव्हता. कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत ते सू सिटीला आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. (७३७ मात्र तेल गेल्यावरही निव्वळ अंगमेहनतीने उडवता येते. तो अपवाद आहे.)

आता संगणकांचे विमान. १९८८ मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये खांबाच्या जागी बाजूला छोटी दांडी आली. ती डावीकडे कलवली तर तिचा अर्थ ‘आयलेरॉन, म्हणजे पंखाच्या टोकाकडची हलती फळी, इतके अंश हलव’ असा होत नाही. ‘मला इतक्या वेगाने डावीकडे कलायचे आहे’ असा होतो. त्यासाठी आयलेरॉन किती, स्पॉयलर (पंखावर उभ्या राहणाऱ्या फळ्या) किती, रडरची (शेपटीची उभी फळी) जोड किती, हा हिशेब संगणकाचा. दांडी सोडली की विमान त्याच कलाने चालत राहते. कल ३३ अंशांच्या पुढे गेलेला असेल तर दांडी सोडताच आपोआप ३३ वर येते. आणि दांडी कितीही रेटून धरली तरी विमान ६७ अंशांपलीकडे कलत नाही. लेखकाला यात बंड दिसते. मला यात हद्द दिसते, आणि ती हद्द माणसांनीच शांतपणे बसून आखलेली आहे.

बरे, संगणक तरी एक आहे का? ए-३२० मध्ये या कामाला सात आहेत. मुख्य दोन प्रकारचे संगणक तर मुद्दाम वेगवेगळ्या उत्पादकांकडून, वेगवेगळे प्रोसेसर घालून, वेगवेगळ्या चमूंकडून प्रोग्रॅम लिहवून घेतलेले. एकाची चूक दुसऱ्याने गिरवू नये म्हणून. बोइंगने ७७७ मध्ये हाच विचार दुसऱ्या तऱ्हेने केला: तीन संगणक आणि प्रत्येकाच्या पोटात तीन निरनिराळे प्रोसेसर. शिवाय तिथे खांब कायम ठेवला आणि जोर लावला तर वैमानिकाला मर्यादा ओलांडू दिली. कोणते बरोबर, यावर हँगरमध्ये चहा संपेपर्यंत भांडणे व्हायची. मी एअरबसच्या बाजूचा.

लेखात जे अजिबात आले नाही ते असे की हा संगणक हट्टी नाही. स्वतःला मिळणाऱ्या माहितीवर त्याचा विश्वास उडाला की तो मागे सरकतो. या पायऱ्यांना आमच्याकडे ‘लॉ’ (नियम) म्हणतात: नॉर्मल, मग ऑल्टरनेट, मग डायरेक्ट. पायरी उतरेल तशी संरक्षणे गळत जातात आणि डायरेक्टमध्ये दांडी जवळपास जुन्या खांबासारखीच वागते. १ जून २००९ रोजी अटलांटिकवर एअर फ्रान्सच्या ए-३३० मध्ये हेच झाले. बर्फाच्या कणांनी वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या तुंबल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात. ऑटोपायलट सुटला, विमान ऑल्टरनेट लॉमध्ये आले, म्हणजे स्टॉल (पंखांची उचल तुटणे) होऊ न देणारे कुंपण गेले. धोक्याची सूचना वाजत असताना दांडी मागे ओढलेली राहिली. दोन दांड्या एकमेकींना जोडलेल्या नसल्याने शेजारच्याला आपल्या हाताने ते कळले नाही. २२८ माणसे गेली. तिथे संगणकाने ऐकले नाही असे नव्हते. वैमानिकाने जे सांगितले ते सगळे त्याने ऐकले.

आणि मॅक्स? त्याचे स्पॉयलर सोडले तर तो घडणीने जुन्याच ७३७ चा वंशज. आयलेरॉन-एलेव्हेटरला तारा आणि तेलच. म्हणजे लेखकाला हवी तीच ‘तारांची’ जात. त्यावर एमकॅस नावाचा एक प्रोग्रॅम वरून चढवला होता, जो शेपटीचा अख्खा आडवा पंख फिरवून नाक खाली करायचा. तो फिरला की एलेव्हेटर कितीही ओढा, पुरत नाही. जुन्या ७३७ मध्ये खांब मागे ओढला की त्या पंखाची मोटर थांबायची. एमकॅसपुरती ती सोय काढून टाकली होती. आणि हा प्रोग्रॅम विमान हवेला किती कोनात आहे ते सांगणाऱ्या, नाकाजवळच्या दोन सेन्सरांपैकी एका वेळी एकाचेच ऐकायचा. ए-३२० च्या सात संगणकांत जी शंकेखोर वृत्ती मुरलेली आहे, तिचा इथे लवलेश नव्हता. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ जण गेले. नंतर तो दोन्ही सेन्सरांची तुलना करू लागला. अपघाताच्या आधी हे का सुचले नाही, हा राग माझ्यासारख्या माणसाला जन्मभर पुरेल.

आमच्या, म्हणजे देखभालवाल्यांच्या, बाजूच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. मार्च २००१ मध्ये फ्रँकफर्टहून निघालेल्या एका ए-३२० मध्ये दुरुस्तीनंतर कॅप्टनच्या दांडीच्या विजेच्या तारांची अदलाबदल झालेली होती. उजवीकडे कलवली की विमान डावीकडे. धावपट्टीवर जाण्याआधीच्या तपासणीत पंखांचे भाग हलले हे पाहिले गेले, कोणत्या बाजूला हलले हे नाही. सहवैमानिकाची दांडी ठीक होती, त्याने ताबा घेतला म्हणून सगळे परतले. त्यानंतर मी जमिनीवर हेडसेट लावून उभा असताना कॉकपिटमधल्या सोबत्याकडून ‘हलतंय’ एवढे उत्तर कधी घेतले नाही. ‘डावे वर, उजवे खाली’ असे पूर्ण वाक्य आल्याशिवाय पुढची ओळ वाचायचीच नाही, हा माझा नियम. पोरे वैतागायची.

मॅक्सविषयीचे ते वाक्य तेवढे पुढच्या अंकात दुरुस्त करावे, ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता

ता. क. लेखासोबत ‘पंखाचा निखळलेला भाग’ म्हणून छापलेल्या छायाचित्रात काहीही निखळलेले नाही. ए-३२० बराच वेळ उभे राहिले आणि तेलाचा दाब उतरला की त्याचे आयलेरॉन असेच खाली लोंबतात.