इथे वाढलेल्या खेळाडूंना आधी दार उघडा

मा. संपादक,
स. न.

परदेशी पासपोर्ट असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना भारताकडून खेळू द्यावे, ही चर्चा फुटबॉलच्या निमित्ताने पुन्हा सुरू आहे. फुटबॉलपटू रायन विल्यम्सने २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, तेव्हापासून तिला जोर आला. मी गेली बावीस वर्षे पुण्याच्या सणस मैदानावर मुलांना पळायला शिकवतो. या चर्चेत इथेच वाढलेल्या मुलांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे आठशे मीटर पळणारी एक मुलगी आहे. आईवडील नोकरीसाठी अमेरिकेत होते तेव्हाचा तिचा जन्म. ती तीन वर्षांची असताना घर पुण्याला परतले. शाळा पेठेतली, मराठी माध्यमाची. पहाटे साडेपाचला वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून येते, पावसातही खाडा नाही. गेल्या वर्षी एका निवड शिबिराच्या अर्जासोबत पासपोर्टची प्रत मागितली. तिच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड. अर्ज परत आला. त्या संध्याकाळी ती ट्रॅकच्या कडेला बसून स्पाइक्सचे खिळे किल्लीने एकेक काढून पुन्हा बसवत होती. म्हणाली, "सर, जिल्ह्याला चालले, राज्याला चालले, मग पुढे का नाही?"

उत्तर सरकारी धोरणात आहे. २००८ पासून भारताचा पासपोर्ट असल्याशिवाय भारताकडून खेळता येत नाही. त्याआधी टेनिसपटू प्रकाश अमृतराज अमेरिकन नागरिक असूनही आपल्याकडून डेव्हिस कप खेळला होता.

हा नियम मोडीत काढा, असे मी म्हणणार नाही. पैशाच्या बळावर खेळाडू आणले की काय होते ते आम्ही पाहिले आहे. २०१४ च्या इंचॉन एशियाडमध्ये स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, बहरीनची रूथ जेबेट पहिली आली. मूळची केनियाची, वय अवघे सतरा. ट्रॅकच्या आत पाय पडला म्हणून तिला बाद केले आणि माण तालुक्यातल्या मोहीची आपली ललिता बाबर दुसरी आली. मग अपिलात निर्णय फिरला, ललिताकडे कांस्य राहिले. त्या रात्री मला झोप लागली नव्हती. देश बदलण्याचा हा बाजार इतका वाढला की जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०१७ मध्ये असे बदल थांबवले आणि २०१८ पासून तीन वर्षे थांबण्याची अट घातली. ते योग्यच झाले.

पण या मुलीला कोणी विकत आणलेले नाही. ती इथेच वाढली. फुटबॉलची जागतिक संघटना फिफासुद्धा नव्या देशाकडून खेळू देताना वयाच्या अठराव्या वर्षानंतरचा पाच वर्षांचा रहिवास मोजते. मग आपण चौदा वर्षांचा का मोजू नये?

आपल्या कायद्यानुसार ओसीआय कार्ड पाच वर्षे असेल आणि अर्जाआधी बारा महिने इथे राहणे झाले असेल, तर नागरिकत्व मागता येते. पण अर्जदार सज्ञान हवा. म्हणजे या वाटेने जायचे तर अठरा होईपर्यंत थांबायचे. पुढे निर्णय कधी, ते कुणी सांगत नाही. याच कायद्याच्या सहाव्या कलमात विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता आणि मानवी प्रगतीसाठी मोठे काम करणाऱ्यांना अटींतून सूट देण्याची सोय आहे. तिथे खेळाचे नाव नाही. १९५५ साली कोणाला सुचले नसेल, आता तरी सुचावे.

बालेवाडीत पुणे एफसीकडून खेळणारा फुटबॉलपटू अराता इझुमी अनेकांना आठवत असेल. वडील भारतीय, जन्म जपानमधला. त्याने जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. आधी वर्षानुवर्षे इथल्या मैदानांवर खेळला होता, म्हणून पुणेकरांना तो कधी परका वाटला नाही.

या विषयावर नवे धोरण लिहिणाऱ्यांना विनंती आहे की, परदेशातून कोणाला आणायचे ते नंतर ठरवा. जे पाच वर्षांहून अधिक काळ इथे राहून, शिकून, खेळत आहेत, त्यांचे अर्ज सतराव्या वर्षीच घ्या आणि सहा महिन्यांत निकाल द्या. जुने नागरिकत्व सोडायला ही मुलगी तयार आहे, तिचे आईवडीलही. येत्या श्रावणात तिला सतरावे संपून अठरावे लागेल.

— एक अ‍ॅथलेटिक्स प्रशिक्षक, पुणे