तपासलेल्या टपालाला वाली कोण?

संपादक महोदय,

संशयास्पद टपाल कसे ओळखावे, याच्या सूचना सरकारी टपाल कार्यालयांत ठिकठिकाणी लावलेल्या असतात. पण तपासणी होऊन ‘हरकत नाही’ असा शेरा मिळालेल्या टपालाचे पुढे काय होते, हे क्वचितच कोणी विचारते. वर्गीकरणाच्या कामावर उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हाच टप्पा सर्वांत नाजूक वाटतो. पाकीट उघडेपर्यंत त्यावर सगळ्यांची नजर असते. एकदा तपासून झाले की ते टेबलाच्या कडेला जाऊन पडते, आणि मूळ सील तुटलेलेच असल्यामुळे त्यानंतर कोणी आत हात घातला, तरी ते तपासणीतच झाले असावे असे धरले जाते.

यावरचे उपाय जुने आणि साधे आहेत. तपासणी एकट्याने करू नये. उघडण्यापूर्वी आणि पुन्हा बंद केल्यावर वजन घेऊन दोन्ही आकडे नोंदवहीत लिहावेत. पाकीट छापील पट्टीने बंद करून दोघांच्या सह्या अर्ध्या पट्टीवर व अर्ध्या पाकिटावर येतील अशा घ्याव्यात, म्हणजे पट्टी उचकटली की सही जुळत नाही. तपासलेले आणि न तपासलेले टपाल एका थैलीत तर नाहीच, एका टेबलावरही येऊ नये. यातले दुसरे वजन सर्रास टाळले जाते. काम उरकण्याच्या घाईत ते निरर्थक वाटते, मात्र वस्तू गहाळ झाल्याची तक्रार आली की नेमका तोच आकडा शोधावा लागतो.

अशी पट्टी पाहून लोक बिथरतील, असा आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सेन्सॉर उघडलेल्या पत्राच्या कडेला तपासनिसाचा क्रमांक असलेली छापील पट्टी लावत असे, त्यामुळे पत्र कोणाच्या हातून गेले ते मागाहून कळू शके. याउलट 1844 मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या मॅझिनी या इटालियन क्रांतिकारकाची पत्रे ब्रिटिश गृहमंत्र्यांच्या आदेशाने उघडून पुन्हा बेमालूम बंद केली जात होती. संशय आल्यावर त्याने पाकिटांत वाळूचे कण आणि खसखस घालून पाहिली, आणि प्रकरण थेट संसदेत गेले. आदेश अधिकृत होता. लोक संतापले ते लपवाछपवीमुळे.

तपासणीपलीकडचा दुसरा धोका कर्मचाऱ्यांच्या जिवाचा आहे. 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून पसरलेल्या अँथ्रॅक्स या जीवघेण्या जंतुजन्य रोगाने पाच जण दगावले, त्यांपैकी दोघे वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातील कर्मचारी होते. ती पाकिटे त्यांनी फोडली नव्हती. बंद पाकिटे वेगवान वर्गीकरण यंत्रांत दाबली जाताना जंतूंची बारीक भुकटी कागदातून बाहेर पडली. यंत्रांतली धूळ दाबाच्या हवेने उडवून साफ करण्याची पद्धत त्यानंतर बंद करावी लागली, आणि ते केंद्र 2003 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले.

तेव्हापासून वॉशिंग्टनमधल्या केंद्र सरकारच्या कचेऱ्यांकडे जाणारे टपाल तीव्र किरणांचा मारा करून निर्जंतुक केले जाते. या प्रक्रियेने कागद पिवळा व ठिसूळ होतो, औषधे आणि बियाणे बिघडू शकतात. सुरुवातीच्या महिन्यांत असे टपाल हाताळणाऱ्यांनी डोकेदुखी आणि डोळे चुरचुरण्याच्या तक्रारी केल्या, तेव्हा ते पुढे पाठवण्याआधी मोकळ्या हवेत ठेवण्याची काळजी घ्यावी लागली. म्हणजे सुरक्षित केलेले टपालसुद्धा निष्काळजीपणे हाताळण्याजोगे नसते. हातमोजे आणि हवेशीर जागा ही तरतूद केवळ तपासणीच्या खोलीपुरती न ठेवता वर्गीकरणाच्या टेबलापर्यंत आली पाहिजे. (क्ष-किरण यंत्रावर भरपूर खर्च करणाऱ्या खात्याला हातमोज्यांचा खर्च डोईजड का व्हावा, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही.)

माझी मागणी मर्यादित आहे. तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख, तपासणाऱ्यांचे क्रमांक आणि बंद केल्यानंतरचे वजन लिहिलेले असावे, आणि पट्टी फाटलेली दिसल्यास बटवड्याच्या वेळी, पावतीवर सही करण्यापूर्वी, वस्तूचे वजन पुन्हा करून घेण्याचा हक्क पत्त्यावरील व्यक्तीला लेखी नियमाने मिळावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टपाल कर्मचारी