सायलीस पत्र: पोट सावकाश रिकामं होतं तेव्हा

कोल्हापूर

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

जठर किती वेळात रिकामं होतं, त्या तपासणीचा रिपोर्ट नीट वाचला. चार तासांनंतर पोटात 10 टक्क्यांपेक्षा जास्त अन्न उरायला नको, तुझ्या पोटात 28 टक्के उरलं. एन्डोस्कोपीत वाट कुठे अडलेली दिसली नाही. म्हणजे हा गॅस्ट्रोपरेसिसच, वाट मोकळी असूनही जठर सावकाश रिकामं होण्याचा आजार. तुला शुगर नाही, पोटाचं ऑपरेशन झालेलं नाही, विषाणूच्या तापानंतर हे सुरू झालं. अशा बऱ्याच जणांचं पोट हळूहळू सुधारतं, कधी वर्ष-दोन वर्षंही लागतात. तोवर निभवायचं कसं ते लिहितो.

जठराच्या खालच्या भागात अन्न घुसळून एक-दोन मिलिमीटरचे कण झाले, की मग ते आतड्यात सुटतं. जठराला चालवणारी व्हेगस नर्व्ह किंवा त्याची लय सांभाळणाऱ्या पेशी दुबळ्या झाल्या, की हे दळण मंदावतं. पातळ पदार्थ मात्र बरेचसे आपसूक उतरतात. म्हणून दळायचं काम आधीच मिक्सरने आणि दातांनी उरकायचं.

पोट बिघडलं की आपल्याकडे आधी तिखट बंद करतात. तिखटाने जळजळत असेल तर जरूर कमी कर, पण तुझा मुख्य त्रास स्निग्धाचा आणि चोथ्याचा आहे. तेल-तूप लहान आतड्यात पोचलं की तिथूनच जठराला थांबण्याचा निरोप जातो. चोथा दळला जात नाही, साचून त्याचा गोळा होऊ शकतो. आता पांढरा रस्सा बघ. जिभेला सौम्य, पण नारळाचं दूध, काजू, खसखस, सगळं स्निग्ध. त्यापेक्षा तवंग काढून गाळलेला तांबडा रस्सा दोन-चार चमचे चालून जाईल. सुक्या मटणाचे धागे नकोत, कमी चरबीचा बारीक खिमा मऊ शिजवून देऊ. मिसळीत मटकीची सालं आणि वर कटाचं तेल, दोन्ही एकदम. ती सध्या राहू दे. दूध कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध तुला आवडतं, पण 200 मिलीच्या पेल्यात 13 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो आणि तुझी दिवसाची मर्यादा साधारण 40 ग्रॅम. चहाला टोन्ड दूध घे.

दोन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा वाटीभर खा: आसट भात आणि मुगाचं वरण, इडली, साल-बिया काढून घोटलेला दुधी, गाळलेलं नाचणीचं सत्त्व, ताक. कोशिंबीर, मोडाची कडधान्यं, पेरू, मक्याचं कणीस सगळ्या जगाला चांगलं, तुला सध्या नाही. दुपारपर्यंतच पोट जड झालं तर संध्याकाळचं सगळं पातळच ठेव. खाल्ल्यावर दोन तास आडवी होऊ नकोस, थोडं चाल. सुट्टीत आलीस की रंकाळ्याला चक्कर मारू. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद.

एक सांगून ठेवतो: संडासला साफ होत नाही म्हणून कुणी इसबगोल सुचवलं तर घेऊ नकोस. पाण्याने फुगून ते तुझ्या पोटात बसून राहील. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं पोट आणखी मंद करतात.

जठराला चालना देणारी डॉमपेरिडॉनची गोळी जेवणाआधी 15 ते 30 मिनिटं घे. तिचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना ईसीजीचं विचार. आणि क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) कुणी लिहून दिलं तर ही गोळी चालू असल्याचं आधी सांग, त्यांच्याबरोबर तो धोका वाढतो. पुढे मेटोक्लोप्रमाइड हे त्याच कामाचं दुसरं औषध दिलं आणि जीभ, ओठ किंवा जबडा आपोआप हलायला लागला, तर त्याच दिवशी फोन कर. ते औषध 12 आठवड्यांपेक्षा जास्त ओढत नाहीत.

उलट्या सुरू झाल्या तर घन अन्न थांबवून ओआरएस आणि गाळलेली पेज घोट-घोट घे. पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, अर्धवट नाही. दिवसभर पाणीही टिकेना, लघवी कमी झाली, पोटात असह्य दुखलं, उलटीत रक्त किंवा कॉफीसारखा रंग दिसला, तर रात्र असली तरी हॉस्पिटलमध्ये जा आणि तिथूनच मला फोन कर. दर रविवारी सकाळी वजन करून कळव.

तुझे,
बाबा